शालनमावशी आणि काशाची वाटी

शालनमावशींकडून आलेलं भांडं रिकामं परत केलं, तर त्या ते हातात घेत नसत. बडोद्याच्या निजामपुऱ्यात राहायला आलो त्याच आठवड्यात मला हे कळलं. आमचं सामान अजून खोक्यांतच होतं. समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावरून एक ठेंगण्या, लगबगीच्या बाई जिना उतरून आल्या, पातेलंभर कढी वंदनाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातात दिली, "आज कुठला तुमचा गॅस पेटायला!" असं म्हणाल्या आणि आल्या तशा निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी वंदनाने ते पातेलं लख्ख घासलं आणि माझ्या हाती परत पाठवलं. मावशींनी दार उघडलं, पातेल्यात डोकावून पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"रिकामं?"

"स्वच्छ घासलंय हो," मी म्हणालो.

"ते दिसतंय. घरी ने आणि काहीतरी घालून आण."

"काय घालू?"

"घरात असेल ते. चिमूटभर साखर चालेल. मीठ तेवढं आणू नकोस."

घरात साखरेचं खोकं कोणतं हे वंदनालाही माहीत नव्हतं. भाजीच्या पिशवीत मिरच्या सापडल्या, त्यातल्या दोन पातेल्यात टाकून मी पुन्हा जिना चढलो. त्या दोन मिरच्या बघून मावशी इतक्या हसल्या, की खालच्या मजल्यावरून घरमालकीण शांताबा विचारायला आल्या, "शुं थयुं, शालन?" मावशींनी त्यांना मिरच्या दाखवल्या. मग त्या दोघी मिळून माझ्याकडे बघून हसल्या. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

त्या घरात खाली शांताबा आणि रमणभाई हे गुजराती जोडपं आणि वर मावशी, अशी कित्येक वर्षांची वहिवाट होती. मावशींचे यजमान, मानेकाका, बाजव्याकडच्या रिफायनरीत पाळीवर जायचे. मी त्यांना पाहिलं नाही, आम्ही येण्याआधीच ते गेले होते. एकुलती एक मुलगी मीना लग्न होऊन भरूचला होती. पण मावशी एकट्या आहेत असं कधी वाटायचंच नाही, कारण त्या जिन्यावरून दिवसभर भांडी चढत-उतरत असत. वरून पुरणाची वाटी खाली यायची, ती खालून खमंग ढोकळा घेऊन वर जायची. वरचं झाकण खालच्या डब्यावर आणि खालचा डाव वरच्या पातेल्यात. कोणतं भांडं कुणाचं, हा प्रश्न त्या दोघींना कधी पडलाच नाही.

मावशी भांडखोर होत्या, हेही सांगून टाकतो. गोड माणसांची व्यक्तिचित्रं मला खरी वाटत नाहीत. भांडणाला निघाल्या की आधी पदर खोचत आणि मग म्हणत, "आमचे आजोबा सरकारांच्या फौजेत होते." सरकार म्हणजे बडोद्याचे महाराज. गॅसवाल्याला, भाजीवाल्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, सगळ्यांना ते आजोबा ठाऊक झाले होते. मी पडलो भांडण दिसलं की रस्ता बदलणारा माणूस. वाघोडियाच्या एका कारखान्यात बसून यंत्रांच्या भागांची चित्रं काढायची, हे माझं काम, आणि चित्रं उलटून बोलत नाहीत. मावशी मला म्हणायच्या, "अवि, तू भांडायला घाबरतोस, कारण भांडणानंतर जेवायला बोलवायचं असतं हे तुला कुणी शिकवलेलं नाही." त्या स्वतः तसंच करायच्या. गॅसवाल्याला झापून झालं की त्याच्या हातावर लाडू ठेवायच्या.

रमणभाई गेले आणि त्या घराचे दिवस फिरले. त्यांच्या मुलाने, केतनने, घर पाडून फ्लॅट बांधायचं ठरवलं. शांताबांना नडियादला बहिणीकडे पाठवलं. मावशींनी जागा सोडायला तक्रार केली नाही. आमच्याच गल्लीत पुढे एक खोली-स्वयंपाकघर भाड्याने मिळालं होतं. पण बांधकामवाल्या लोकांसमोर त्या केतनला बोलून गेल्या, "आईला परगावी धाडून घर पाडतोस? रमणभाई असते तर?" केतन लालबुंद झाला. त्याला लहानपणापासून कडेवर खेळवलेलं, म्हणून मावशींना वाटलं आपण काहीही बोलू शकतो. त्याला तसं वाटलं नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात भरूचहून फोन आला. मीना सातव्या महिन्यात बाळंत झाली. मुलगी झाली होती, एवढीशी, आणि तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मावशी पिशवी उचलून स्टेशनवर गेल्या. सामान हलवायचं काम केतनच्या माणसांनी केलं. पलंग, कपाट, देव, कपडे, सगळं नव्या खोलीत नीट पोचलं. माळियावरची, म्हणजे पोटमाळ्यावरची भांडी मात्र आली नाहीत. वरच्या माळियावरची आणि खालच्या माळियावरची भांडी एकत्रच कोथळ्यांत, म्हणजे पोत्यांत, भरून केतनच्या वाघोडियाच्या गोडाऊनमध्ये गेली होती.

मावशी परत आल्या त्या बाळ पेटीतून बाहेर आल्यावर. आल्या-आल्या केतनला फोन केला. तो म्हणाला, "मासी, ए वासण तो अमारां छे." म्हणजे भांडी आमची आहेत. मावशींना वाटलं तो चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. त्याने सगळी भांडी उलटी-सुलटी करून बघितली होती. प्रत्येकावर कुणाचं ना कुणाचं नाव घातलेलं होतं, आणि एकावरही माने हे नाव नव्हतं.

यात केतनचं अगदीच चुकलं असं मला म्हणता येत नाही. आपल्याकडे भांड्यावर नाव कुणाचं घालतात? देणाऱ्याचं. लग्नात मिळालेल्या परातीवर मामाचं नाव, बारशाच्या पेल्यावर शेजारणीचं, सत्यनारायणाच्या तांब्यावर ऑफिसातल्या मंडळींचं. ज्याच्या घरात ते भांडं जन्मभर वापरलं जातं, त्याचं नाव त्यावर कुठेच नसतं. मी घरी जाऊन आमची मांडणी पाहिली. तिथेही मी नव्हतो. सासरेबुवा मात्र चार ठिकाणी होते.

"जाऊ दे ना मावशी," मी म्हणालो. "नवी घेऊ."

"बाकीची जाऊ दे," मावशी म्हणाल्या. "मला वाटी हवी."

ती काशाची वाटी मी पाहिलेली होती. मीना काही महिन्यांची असताना मावशींना विषमज्वर झाला होता आणि त्या दवाखान्यात पडून होत्या. काका पाळीवर. तेव्हा शांताबांनी मीनाला खाली नेलं आणि आपल्या घरातल्या त्या वाटीतून मुगाचं पाणी, मऊ भात असं भरवून वाढवलं. मावशी बऱ्या होऊन घरी आल्या, तेव्हा शांताबांनी मुलगी वर आणून दिली आणि सोबत वाटीही दिली. म्हणाल्या, मीना वर आली, आता वाटी खाली ठेवून मी काय करू? ती मीनाची आहे. मावशींच्या मनाने तेव्हापासून घेतलं होतं, की माझी पोर या वाटीने जगवली. आता मीनाची पोर काचेच्या पेटीतून बाहेर आली होती, हातात घ्यायला भीती वाटावी इतकी नाजूक. तिला पहिला घास त्याच वाटीतून भरवायचा, हे मावशींनी दवाखान्याच्या बाकावर बसून ठरवलं होतं. डॉक्टरांनी वरचं खाणं जरा उशिरा सुरू करायला सांगितलं होतं. मावशींच्या दृष्टीने तेवढीच मुदत होती.

आणि त्या वाटीवर गुजराती अक्षरांत नाव होतं, शांताबेन रमणभाई.

बडोद्यात छोट्या दाव्यांसाठी वेगळं कोर्ट आहे, हे मला या वयापर्यंत ठाऊक नव्हतं. स्मॉल कॉज कोर्ट. मावशी त्याला "छोटं कोर्ट" म्हणत. भांडी घासणाऱ्या बाईने त्यांना सांगितलं होतं, की तिच्या भाच्याची शिलाई मशीन तिथूनच परत मिळाली. एका सोमवारी मावशींनी पदर खोचला आणि माझ्या स्कूटरवर मागे बसून म्हणाल्या, "चल हवे," म्हणजे चल आता. "आमचे आजोबा सरकारांच्या फौजेत होते." मी रस्ता बदलायचा विचार करेपर्यंत आम्ही कोर्टाच्या आवारात शिरलो होतो.

तिथे मोफत कायदेशीर मदतीची एक खोली होती. त्यात दवेसाहेब म्हणून वयस्कर वकील बसले होते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. भांडी ठेवायला दिली त्याची काही पावती? नाही. विकत घेतल्याची बिलं? "अहो, आहेराचं बिल कोण देतं?" मावशी म्हणाल्या. नाव? नाव दुसऱ्यांचं. दवेसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, बेन, ज्यांची नावं आहेत ती माणसं आहेत का? ती येऊन सांगतील का, की हे भांडं आम्ही यांना दिलं? मावशी म्हणाल्या, "न यायला काय झालं!"

दावा दाखल झाला. नोटीस गेली, तारीख पडली, पुढची पडली. मावशींना तारीख पडण्याची कल्पना मुळातच पटत नसे. "पोरगी काय तारखेची वाट बघत मोठी व्हायची थांबते?" त्या मला विचारायच्या, जणू मीच जज आहे. दर रविवारी भरूचला फोन करून त्या बाळाचं वजन विचारत आणि वजन वाढलं की आनंद आणि धास्ती दोन्ही एकदम चेहऱ्यावर यायची. मला त्या दिवसांत त्यांची फार काळजी वाटे. एका वाटीसाठी माणूस इतका जीव टाकतो, आणि कोर्टाने उद्या नाही म्हटलं तर यांचं काय होईल, या विचाराने मीच रात्री कूस बदलत असे.

अखेर जज मॅडमनी हुकूम केला, की भांडी कोर्टात आणा आणि दोन्ही बाजूंनी आधी मध्यस्थीच्या खोलीत बसून काय मिटतं ते बघा. त्या तारखेला केतन दोन कोथळे घेऊन आला. ते खाली ठेवले तेव्हा जो आवाज झाला, त्याने शेजारच्या खोलीतलं काम क्षणभर थांबलं. बाहेरच्या पॅसेजमध्ये मावशींची माणसं जमली होती. निवृत्त शिक्षिका निकमबाई होत्या, काठी टेकत आलेले घोरपडेआजोबा होते, भरतभाई टेलर दुकान बंद करून आले होते, आणि मला नावं माहीत नसलेल्या कितीतरी बायका होत्या. हळदीकुंकवाला जमल्यासारख्या बायका बोलत होत्या. शिपायाने दोनदा गप्प केलं. तिसऱ्यांदा तो स्वतःच निकमबाईंशी बोलत उभा राहिला, कारण त्या त्याच्या बहिणीच्या बाई निघाल्या.

मध्यस्थ म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बसले होते, परीखसाहेब. एकेक भांडं टेबलावर यायचं, त्यावरचं नाव वाचलं जायचं आणि त्या नावाचं माणूस आत यायचं. घोरपडेआजोबांनी परात ओळखली. मानेकाकांनी रात्रीची पाळी सोडून येऊन त्यांना दवाखान्यात भरती केलं होतं, त्यानंतर दिलेली. भरतभाईंनी डबा ओळखला. पहिल्या दुकानाच्या मुहूर्ताला मावशींनी पन्नास माणसांचं जेवण रांधलं होतं. "मारुं ज नाम छे, पण डबो शालनबेननो," भरतभाई म्हणाले. केतन मान खाली घालून ऐकत होता. प्रत्येक भांड्यागणिक त्याचा आवाज कमी होत गेला. नंतर नंतर तो स्वतःच भांडं उचलून मावशींच्या बाजूला सरकवू लागला.

मग कोथळ्यातून एक पितळी झारा निघाला आणि निकमबाई दारातूनच ओरडल्या, "अगंबाई, हा तर माझा!"

जन्मभर लोकांना भांडी परत करायला शिकवणाऱ्या मावशी झाऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांचे कान लाल झाले.

"कधी नेला होतास गं?" निकमबाई म्हणाल्या. "मी आमच्या जावेवर संशय घेतला इतकी वर्षं!"

"परत करायचाच होता," मावशी पुटपुटल्या. "पण रिकामा कसा देणार? झाऱ्यात काय भरू?"

परीखसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. केतनही हसला, आणि हसताना त्याने पहिल्यांदा मावशींकडे सरळ पाहिलं. मला वाटलं, झालं, मिटलं. मी मनातल्या मनात घरी जाऊन चहा प्यायला बसलोसुद्धा.

शेवटी वाटी आली. केतनने ती टेबलावर ठेवली नाही, हातातच धरली. "आ तो बानी छे," तो म्हणाला. "बाचं नाव आहे, मासी. बाने स्वतः घालून घेतलेलं. बाकी सगळं घेऊन जा, मी ना नथी पाडतो, अडवत नाही. पण घर गेलं, पप्पा गेले, बा नडियादला. तिच्या नावाचं माझ्याकडे हे एवढंच आहे."

त्याचा आवाज खरा होता. मला त्याच्याविषयी कधी माया वाटेल असं वाटलं नव्हतं, पण वाटली.

दवेसाहेब मावशींच्या कानाशी वाकले. शांताबेन हयात आहेत ना? मग सोपं आहे. त्यांना साक्षीला बोलवू. मीही जोरात मान हलवली. शांताबा आल्या आणि एक वाक्य बोलल्या, की प्रश्न संपणार होता. नडियाद काही लांब नाही.

"नाही," मावशी म्हणाल्या.

"मावशी, अहो...."

"अवि, तू गप्प बस." मग त्या परीखसाहेबांकडे वळल्या. त्यांनी पदर खोचला नाही, आजोबांचं नावही काढलं नाही. "साहेब, बांना इथे आणायचं नाही. आईने कोर्टात येऊन पोटच्या पोराच्या विरुद्ध बोलायचं, असं मी करणार नाही. त्यांनी माझी मुलगी वाढवली आहे. कोर्टाला नावच बघायचं असेल, तर नाव त्यांचं आहे. वाटी केतनकडे राहू दे. माझं काही म्हणणं नाही. बस, पती गेलं."

पती गेलं म्हणजे संपलं. हा शब्द त्या स्वयंपाकघरातला पसारा आवरताना वापरायच्या. केतन वाटी हातात धरून तसाच उभा राहिला. त्याला जिंकल्यासारखं काही वाटलं असेल असं त्याच्या चेहऱ्यावरून तरी दिसलं नाही. परीखसाहेबांनी तडजोड कागदावर घेण्यासाठी पुढच्या आठवड्याची तारीख दिली आणि आम्ही कोथळे घेऊन रिक्षाने घरी आलो. निकमबाई झारा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी मावशींशी भांडलो. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाशी तरी मुद्दाम भांडलो असेन. "इतके महिने माझ्या स्कूटरवर बसून फिरलात ते कशासाठी? एवढी वाटीच हवी होती ना?" त्या ओट्यापाशी उभ्या राहून परत आलेली भांडी चिंचेने घासत होत्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मीनाच्या पोरीला मी भरवीन रे कशातूनही. स्टीलमधून भरवीन. पण बांना कळलं की शालनने आपल्याला कोर्टात ओढलं, तर त्या वाटीतला घास मला गोड लागेल का?" मी उगीचच एक पातेलं पुसायला घेतलं. निघताना त्यांनी मला थांबवलं, "जमून जा आता, भांडलायस ना," म्हणजे जेवून जा, असं म्हणून पिठलं-भात वाढला.

पुढच्या तारखेला मावशींना जायची इच्छा नव्हती. सही करण्यापुरत्या आल्या. केतन आमच्या आधीच येऊन मध्यस्थीच्या खोलीबाहेर बाकावर बसला होता. मांडीवर एका स्वच्छ नॅपकिनमध्ये बांधलेलं काहीतरी होतं. आम्हाला बघून तो उठला आणि ती पुरचुंडी त्याने मावशींपुढे धरली.

"काल नडियाद गेलो होतो," तो म्हणाला. "कोर्टाचं काही बोललो नाही. फक्त विचारलं, बा, आ वाडकी कोनी?"

म्हणजे ही वाटी कुणाची, एवढंच.

"बा म्हणाली, मीनानी. एवढंही ठाऊक नाही? तूच तर तिला हिंचक्यावर झोके द्यायचास. मग म्हणाली, एमनेम, अशीच घेऊन जाऊ नकोस. खाली वाडकी लईने जईश तो शालन नहीं ले."

रिकामी वाटी घेऊन गेलास तर शालन घेणार नाही. मावशींनी नॅपकिन सोडला. काशाची वाटी शिगोशीग सुखडीने भरली होती. गूळ, तूप आणि गव्हाचं पीठ, वर बोटांनी थापल्याचे ठसे. शांताबांनी बसल्या-बसल्या स्वतः थापली होती, केतन म्हणाला, बहिणीने नुसती कढई धरली.

मावशींनी दोन्ही हात पुढे केले आणि वाटी घेतली. मग त्या बाकावर बसल्या आणि हसू लागल्या, त्या मिरच्यांच्या दिवशी हसल्या होत्या तशा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझ्या छातीवरचं कितीतरी महिन्यांचं ओझं एकदम उतरलं. मी केतनला मिठी मारली. माझ्यासारख्या माणसाने अशा ठिकाणी असं काही करावं, याचं मला स्वतःलाच नवल वाटलं. परीखसाहेबांनी दार उघडून विचारलं, काय गोंधळ आहे, तेव्हा मावशींनी त्यांच्या हातावर सुखडीचा तुकडा ठेवला. दवेसाहेबांना दिला, शिपायाला दिला. केतनला दोन तुकडे दिले आणि म्हणाल्या, "सुकलास किती रे! बायको जेवायला घालते की नाही?" केतन पुन्हा त्यांच्या कडेवरचा झाला.

मीनाच्या मुलीचं, जुईचं, उष्टावण मावशींच्या त्या छोट्या खोलीत झालं. केतन नडियादहून शांताबांना गाडीत घालून घेऊन आला. पहिला घास कुणी भरवायचा यावर दोन्ही म्हाताऱ्यांनी एकमेकींना आग्रह करकरून बाळाला रडवलं. शेवटी वाटी शांताबांनी धरली आणि घास मावशींनी भरवला. जुईने तोंड वाकडं केलं, विचार केला आणि भात गिळला. सगळे ओरडलेच. कोर्टात काय झालं होतं ते शांताबांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. दोन-तीन दिवसांनी मावशी बाजारात जाऊन वाटीवर शांताबांच्या नावाखाली मीनाचं आणि त्याखाली जुईचं नाव घालून आल्या. तेव्हापासून कुणालाही भांडं द्यायचं झालं, की त्या दुकानदाराला बजावत, "घेणाऱ्याचं नाव आधी. माझं नाही घातलंस तरी चालेल."

पुढे गुडघे दुखायला लागले तशा त्या भरूचला मीनाकडे राहायला गेल्या. जाण्याआधी सबंध गल्लीची भांडी घरोघर पोचवली, प्रत्येकात काहीतरी घालून. आमच्याकडे त्यांचा एक डबा मात्र फिरत राहिला. आम्ही तो भरून भरूचला न्यायचो, त्या रिकामा करून लगेच भरायच्या आणि आमच्याच हाती परत द्यायच्या. त्या डब्याचा मालक कोण, हे कोणत्याही कोर्टाला ठरवता आलं नसतं.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. त्रास काही झाला नाही, याचंच मनाला बरं वाटलं. डबा तेव्हा आमच्याकडे होता. दिवस झाल्यावर आम्ही भेटायला निघालो, तेव्हा वंदनाने त्यात रव्याचे लाडू भरले, कारण मावशींना ते आवडायचे. भरूचला मीनाने डबा घेतला आणि लाडू काढता काढता रडायला लागली. वंदनाही रडली. त्या गडबडीत निघायची वेळ झाली आणि मीनाने रिकामा डबा तसाच माझ्या पिशवीत ठेवला. माझ्या ते लक्षात आलं, पण अशा वेळी कोण बोलतं!

दारात चपला घालत होतो, तेवढ्यात जुई आतून धावत आली. आता ती चांगली दणकट झाली आहे, धावली की फरशी दणदणते. तिच्या हातात काशाची वाटी होती आणि वाटीत तिचे संध्याकाळचे कुरमुरे, अर्धे खाल्लेले. तिने माझ्या पिशवीत हात घातला, डबा बाहेर ओढला, झाकण उघडलं आणि सगळे कुरमुरे त्यात ओतले. थोडे माझ्या पायांवर सांडले.

"रिकामा नाही न्यायचा," ती मला रागावून म्हणाली. "आजी घेत नाही."